तक्रारीनंतर पोलिसांचे बोलावणे : कोणत्या नात्याने आणि कोणत्या कागदावर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ मध्ये बेदाण्याच्या व्यापारात आपल्याबरोबर असलेल्या एका परिचिताने, आपण त्याचे ९ लाख रुपये बुडवले, अशी तक्रार सांगली जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात दिली आहे. आपण पुण्यात राहता. त्या ठाण्यातल्या हवालदारांचा फोन आला की सोमवारी ११ वाजता जबाबासाठी हजर राहा, येताना आईलाही घेऊन या, कारण त्यातले २ लाख रुपये त्यांच्या खात्यावर आले होते, आणि आला नाहीत तर गाडी पाठवावी लागेल. आईंचे वय ६४ आहे. जावे की नाही, वकील बरोबर न्यावा का, मोबाईल मागितला तर द्यावा का, आणि ‘लिहून द्या म्हणजे इथेच मिटेल’ असे सांगितले तर काय करावे, असे आपण विचारले आहे.

जिल्हा व सत्र न्यायालयांत फौजदारी बाजूचे काम करताना २२ वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि बहुतेकांची चूक उत्तरात नसून घाईत असते, असे माझे मत झाले आहे. काही जण घाबरून त्याच दिवशी एकटे ठाण्यात जातात आणि समोर येईल त्यावर सही करून येतात. काही जण फोन बंद करून नातेवाइकांकडे निघून जातात. दोन्ही मार्गांनी साधी गोष्ट अवघड होते. आपल्याला कोणत्या नात्याने बोलावले आहे, हे समजल्याशिवाय पुढचे एकही पाऊल नीट टाकता येत नाही; म्हणून सर्वप्रथम ते विचारा.

त्यासाठी फोन करणाऱ्या अंमलदारांना आदराने तीन गोष्टी विचाराव्यात. त्यांचे नाव, हुद्दा आणि ठाणे कोणते. प्रकरण तक्रारी अर्जाचे आहे, अदखलपात्र नोंदीचे आहे की गुन्हा दाखल झालेला आहे. आणि अर्जाचा आवक क्रमांक किंवा गुन्हा रजिस्टर नंबर काय. व्यवहाराची हकीकत फोनवर सांगत बसू नये. त्यानंतर त्या ठाण्याच्या कार्यालयीन क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करावी, कारण पोलिसांच्या नावाने फसवणूक करणारे फोन आता फार वाढले आहेत. व्हिडिओ कॉलवरून अटक करणे किंवा पैसे भरल्यास नाव वगळणे असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. तशी भाषा ऐकू आल्यास फोन ठेवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. गुन्हा दाखल झाला आहे का, हे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही पाहता येते, कारण संवेदनशील प्रकरणे सोडून इतर प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून हे प्रकरण अजून ‘अर्ज चौकशी’च्या, म्हणजे गुन्हा न नोंदवता फक्त तक्रारी अर्जावर होणाऱ्या चौकशीच्या, टप्प्यावर असावे, असे वाटते. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवले. मात्र कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार आणि वैद्यकीय निष्काळजीपणा यांसारख्या प्रकरणांत, दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढेच पाहण्यासाठी मर्यादित प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच निकालाने ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्येही तशी तरतूद आहे : ३ वर्षे किंवा अधिक, परंतु ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आपला व्यवहार २०२१ चा असल्यामुळे गुन्ह्याची कलमे जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतील, बहुधा फसवणुकीचे ४२० आणि विश्वासघाताचे ४०६. तपासाची कार्यपद्धती मात्र नव्या संहितेप्रमाणे चालेल. ४२० ला ७ वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने ते १४ दिवसांच्या तरतुदीत बसत नाही, तरी व्यापारी व्यवहार म्हणून ललिता कुमारी निकालाचा आधार राहतोच.

या टप्प्यावर आपण आरोपी नसता. गुन्हाच नोंदलेला नसताना, न आल्यास उचलून आणू, असे म्हणण्याला संहितेत आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही जाऊ नका, असा सल्ला मी देणार नाही. आपली बाजू कागदावर आलीच नाही तर चौकशी अधिकाऱ्यासमोर फक्त तक्रारदाराची हकीकत उरते, आणि ‘गैरअर्जदार वारंवार कळवूनही हजर राहिले नाहीत’ एवढे एक वाक्य अहवालात आले की गुन्हा नोंदवण्याकडे पारडे झुकते. पुढे अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीतही सरकारी वकील तेच वाक्य वाचून दाखवतात.

गुन्हा दाखल झालेला असल्यास चित्र बदलते, पण घाबरण्याइतके नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. ती आवश्यक का आहे, याची कारणे अधिकाऱ्याने नोंदवली पाहिजेत, असे अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. अटकेची गरज नसेल तेव्हा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४१अ होते आणि ठाण्यात आजही पुष्कळ जण त्याला ‘एक्केचाळीस अ’ची नोटीस म्हणतात. या नोटिशीचे पालन करणे बंधनकारक आहे, आणि पालन करणाऱ्याला नोंदवलेल्या विशेष कारणांशिवाय अटक करता येत नाही. म्हणजे ही नोटीस आपल्याला बांधून ठेवते तशी आपले संरक्षणही करते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी तशी नोटीस आलीच तर ती आलीच नाही असे वागण्यापेक्षा, ‘रीतसर प्रत द्यावी, मी हजर राहण्यास तयार आहे’ असे लेखी उत्तर पाठवणे शहाणपणाचे असते.

तिसरे नाते साक्षीदाराचे. प्रकरणाची माहिती असलेल्या व्यक्तीला कलम १७९ खाली बोलावता येते, पण त्यासाठी लेखी आदेश लागतो आणि ती व्यक्ती त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतील असावी लागते. सांगली जिल्ह्यातील ठाण्याला या कलमाखाली पुण्यातील रहिवाशाला तिकडे येण्याची सक्ती करता येत नाही. (कलम ३५(३) च्या नोटिशीला हद्दीची अशी मर्यादा लिहिलेली नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.) त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, आपल्या आईंबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणत्याही स्त्रीला, तसेच १५ वर्षांखालील किंवा ६० वर्षांवरील पुरुषाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ती राहते त्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. जुन्या संहितेत पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती, ती आता ६० वर आली आहे. स्त्रियांसाठी वयाची अटच नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना ठाण्यात बोलावले गेले, त्या प्रकरणात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल नापसंती व्यक्त केली होती. म्हणून सोमवारी आईंना गाडीत बसवून सांगलीकडे नेऊ नका. त्यांचा जबाब हवा असल्यास तो पुण्यातील घरी, शक्यतो महिला अंमलदारांच्या उपस्थितीत घ्यावा, अशी लेखी विनंती करा. त्या स्वतःहून ठाण्यात यायला तयार असतील तर कायदा तशी मुभा देतो, पण ती इच्छा त्यांची असली पाहिजे, फोनवरच्या दटावणीची नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे आजच एक पानाचे पत्र लिहा आणि ते ठाण्याच्या ईमेलवर व स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर साधा असावा : ‘अमुक तारखेस अमुक वाजता आपल्या ठाण्यातून मला दूरध्वनी आला. मी चौकशीत सहकार्य करण्यास तयार आहे. तक्रारी अर्जाची प्रत आणि मला कोणत्या कलमाखाली, कोणत्या नात्याने बोलावले आहे हे दर्शवणारे लेखी सूचनापत्र मिळावे. व्यवहाराची कागदपत्रे जमवण्यासाठी वेळ लागणार असल्याने अमुक तारखेस सकाळी ११ वाजता मी हजर राहीन. माझी आई, वय ६४, यांचा जबाब आवश्यक वाटल्यास कलम १७९ च्या परंतुकानुसार तो राहत्या घरी नोंदवावा.’ या पत्रात तक्रारदारावर आरोप नकोत, व्यवहाराचा इतिहास नको आणि वकिली धमक्याही नकोत. तारीख ८ ते १० दिवसांच्या आतली द्या आणि दिलेली तारीख पाळा. अर्जाची प्रत प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. अनेक अधिकारी प्रत देत नाहीत, पण समोर बसवून वाचू देतात. त्या वेळी तक्रारीतल्या तारखा आणि रकमा आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात.

हजर राहण्यापूर्वी दोन-तीन दिवस कागदांना द्या. फसवणुकीच्या आरोपात खरा वाद एवढाच असतो की पैसे घेतानाच आपला हेतू बुडवण्याचा होता का. व्यवहार खरोखर झाला आणि नंतर तोटा आला, तर तो दिवाणी स्वरूपाचा वाद राहतो. पोलीस ही वसुलीची यंत्रणा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावले आहे. त्यामुळे बेदाणा खरोखर खरेदी झाला, शीतगृहात ठेवला गेला, सौद्यात विकला गेला आणि दर पडले, हे दाखवणारा प्रत्येक कागद आपल्यासाठी दहा वाक्यांपेक्षा मोलाचा आहे : शीतगृहाच्या भाड्याच्या पावत्या, अडत्याच्या पट्ट्या, वाहतुकीची बिले, दोन्ही खात्यांचे बँक उतारे आणि तक्रारदाराने नफ्याचा वाटा घेतला असल्यास त्या रकमेची नोंद. आईंच्या खात्यावरचे २ लाख का आले आणि नंतर कुठे गेले, याचा उतारा वेगळा काढून ठेवा. चौकशीत पहिला टोकदार प्रश्न त्यावरच येईल. व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद गैरसोयीचे वाटले तरी एकही पुसू नका. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि तक्रारदाराच्या फोनमध्ये तेच संदेश असतातच. तक्रारदाराला फोन करून जाब विचारण्याचा मोहही टाळा. रागाच्या भरात निघालेला एक शब्द धमकीचे नवे कलम जोडून देतो.

जबाब देताना आपल्यावर दोन बंधने आणि एक अधिकार असतो. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि खरी द्यायची, ही बंधने. ज्या उत्तराने आपण स्वतः गुन्ह्याच्या आरोपात अडकू शकतो ते उत्तर न देण्याची मुभा, हा अधिकार. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८०(२) मध्ये आहे आणि आरोपी झालेल्या व्यक्तीसाठी संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्येही आहे. माझा अनुभव असा की गप्प बसण्यापेक्षा, वकिलाकडून तपासून घेतलेले दोन-तीन पानांचे लेखी निवेदन तारीखवार कागदपत्रांसह देणे आणि तोंडी प्रश्नांना त्या चौकटीत उत्तरे देणे हे व्यापारी वादात अधिक उपयोगी ठरते. आठवत नसेल तर ‘आत्ता आठवत नाही, उतारा पाहून सांगतो’ असे म्हणावे; अंदाजाने तारीख सांगू नये. गुन्हा नोंदल्यानंतर तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असे कलम १८१ सांगते. अर्ज चौकशीतल्या जबाबावर मात्र सर्रास सही घेतली जाते. ती करण्यापूर्वी टंकलेला शब्द न् शब्द वाचा, चुकीचे वाक्य दुरुस्त करायला सांगा, आणि दुरुस्ती होत नसेल तर सहीजवळ ‘अमुक मजकूर मला मान्य नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा.

‘लिहून द्या म्हणजे मिटेल’ या प्रश्नावर मला अधिक थांबायचे आहे, कारण तिथे होणारे नुकसान मी स्वतः पाहिले आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात खते-बियाण्यांचे एक दुकानदार माझ्याकडे आले. त्यांच्यावर एका पुरवठादाराची जुनी बाकी होती. पुरवठादाराने अर्ज दिला, दुकानदार एकटेच ठाण्यात गेले, सकाळपासून बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळी ‘मी सदर रक्कम तीन हप्त्यांत देईन’ असे लिहून सही करून घरी आले. अर्ज ‘आपसांत मिटले’ म्हणून निकाली निघाला. वर्षभराने दिवाणी न्यायालयाचे समन्स आले आणि दाव्याबरोबर जोडलेला पहिला कागद तोच होता. त्या सहीपूर्वी दाव्याची मुदत संपलेली होती, म्हणजे पुरवठादाराला न्यायालयातून एक रुपयाही वसूल करता आला नसता. त्या सहीनंतर तो दावा पुन्हा उभा राहिला. मी दबावाचा मुद्दा मांडला, पण ठाण्यातल्या त्या दिवसाचा कोणताही पुरावा आमच्या हाती नव्हता, आणि शेवटी तडजोडीत जवळजवळ सगळी रक्कम द्यावी लागली.

यामागचा कायदा समजून घ्या. पैशाच्या बहुतेक दाव्यांना ३ वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत देणे मान्य असल्याची सही केलेली लेखी कबुली दिली तर मुदत कायद्याच्या कलम १८ मुळे त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते. आणि मुदत संपल्यानंतरही, बुडीत झालेले ऋण फेडण्याचे सही केलेले लेखी वचन करार कायद्याच्या कलम २५(३) मुळे वैध ठरते. आपला व्यवहार २०२१ चा आहे. मधल्या काळात आपण लेखी कबुली किंवा काही रक्कम परत दिलेली नसेल, तर तक्रारदाराची दिवाणी मुदत बहुधा संपलेली आहे, आणि कदाचित त्यामुळेच वाट न्यायालयाऐवजी ठाण्याकडे वळली आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे खरे आहे; पण ‘रक्कम देईन’ हे गुन्ह्याची कबुली नसून देण्याची कबुली आहे आणि दिवाणी न्यायालयात ते संरक्षण उपयोगी पडत नाही. आपल्याला खरोखर काही रक्कम देणे लागते असे मनापासून वाटत असेल, तर ती जरूर द्यावी. ते करणे योग्यच आहे. पण तो समझोता दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता’ अशा शब्दांत आणि तक्रार मागे घेण्याच्या अटीसह व्हावा. ठाण्याच्या टेबलावर संध्याकाळी सहा वाजता तो होऊ नये.

वकील बरोबर न्यावा का? न्यावा. अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ देते, पण संपूर्ण चौकशीभर वकिलाला शेजारी बसवण्याचा नाही. नोटिशीवर हजर राहणाऱ्यासाठी तेवढे स्पष्ट कलमही नाही. व्यवहारात मात्र वकील ठाण्यात आलेला असला की बोलण्याचा सूर बदलतो, आणि बरेच अधिकारी त्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसू देतात. न्यायालयांनीही काही प्रकरणांत तशी व्यवस्था मान्य केली आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. एखादा शांत स्वभावाचा नातेवाईकही बरोबर असावा. आवाज चढवणारा आणि ‘वरच्यांशी’ ओळख सांगणारा नको.

मोबाईलबाबत माझा सल्ला सरळ आहे. अर्ज चौकशीत फोन ताब्यात देण्याची गरज नसते. संबंधित संदेशांच्या छापील प्रती द्याव्यात. गुन्हा दाखल झाल्यावर फोन जप्त होऊ शकतो, पण तेव्हा पंचनामा, जप्तीची यादी आणि आपल्याला प्रत हे सगळे झाले पाहिजे, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही. ‘जरा बघायला द्या’ म्हणून हातात घेतलेल्या फोनची कुठेच नोंद होत नाही. मूळ कागदपत्रे शक्यतो देऊ नयेत. साक्षांकित प्रती द्याव्यात, आणि दिलेल्या प्रत्येक प्रतीची पोच दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह घ्यावी. पैशाची मागणी झाली तर वाद न घालता बाहेर येऊन लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे.

अटकेची भीती आपण लिहिली नाही, पण प्रश्नाच्या मागे ती दिसते. अटकपूर्व जामिनासाठी गुन्हा नोंदलेला असणे आवश्यक नाही. अटकेची वाजवी भीती पुरेशी आहे, असे गुरबक्ष सिंग सिब्बिया प्रकरणात १९८० मध्येच ठरले आहे, आणि आता हा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. तरीही अर्ज चौकशीच्या टप्प्यावर लगेच धावण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. भीतीला ठोस आधार नसेल तर अर्ज फेटाळला जातो, आणि तो आदेश पुढे आपल्याच विरोधात वाचला जातो. मसुदा तयार ठेवावा, वकीलपत्रावर सही करून ठेवावी आणि गुन्हा नोंदल्याचे कळताच त्याच दिवशी निर्णय घ्यावा. हजर राहण्याच्या दिवशी ठाण्यात शिरण्याची व बाहेर पडण्याची वेळ लिहून ठेवा आणि आपली हजेरी ठाणे दैनंदिनीत नोंदवण्याची विनंती करा. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही असावा, असा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. पुढे कधी दबावाचा मुद्दा आलाच तर कोणत्या तारखेचे आणि वेळेचे चित्रण मागायचे, हे त्या नोंदीवरून ठरेल. माझ्या त्या दुकानदारांकडे नेमकी हीच नोंद नव्हती.

सोमवारपूर्वी पत्र पोहोचले, तर रविवारी संध्याकाळी त्याच हवालदारांना एक फोन करा, पत्राची तारीख सांगा आणि त्यांनी ते पाहिले का, एवढेच विचारा. बहुतेक वेळा ते पुढची तारीख देतात. दिली नाही आणि सोमवारीच या असा आग्रह धरला, तर वकिलांना घेऊन सोमवारी जा, पत्राची प्रत हातोहात देऊन पोच घ्या आणि कागदपत्रांसह सविस्तर जबाब ठरलेल्या तारखेस देईन, असे लेखी नोंदवून परत या. आई मात्र घरीच राहतील.